के-डी दर वेळी वेगळा का येतो? प्रोटीनमधलं क्षीण आकर्षण मोजताना होणारा घोळ

तक्रार ठरलेली असते. प्रोटीन तेच, बफर तेच, मोजणारा हात तोच. पण के-डी, म्हणजे द्रावणात प्रोटीनचे रेणू एकमेकांना ओढतात की ढकलतात हे सुचवणारा आकडा, मागच्या आठवड्यात अधिक आला होता आणि आज उणे आलाय. मिरज, कराड, विट्याकडून सांगलीला आमच्याकडे डीएलएसच्या (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचं विसरण मोजणाऱ्या) यंत्रावर नमुने घेऊन येणारी मुलं पहिल्या वाक्यात हे सांगतात आणि दुसऱ्या वाक्यात विचारतात, "मॅडम, कॅलिब्रेशन बघायचं का?" बघा, जरूर बघा. प्रमाणित लेटेक्सचे कण टाकून त्यांचा आकार बरोबर येतोय का हे तपासायला वेळ लागत नाही. पण बहुतेक वेळा यंत्र बरोबरच असतं. ते जे मोजतंय त्यात तुमच्या प्रोटीनच्या आकर्षणाशिवाय आणखी बरंच काही मिसळलेलं असतं.

असं का होतं ते आधी नीट समजून घेऊ, कारण पुढचे सगळे उपाय त्यातूनच निघतात.

क्षीण आकर्षण किंवा प्रतिकर्षण आपल्याला थेट दिसत नाही. ते आपण रेषेच्या उतारावरून काढतो. डीएलएसमध्ये समीकरण असतं डी = डी-शून्य × (१ + के-डी × संहती); डी म्हणजे विसरण गुणांक आणि डी-शून्य म्हणजे अगदी पातळ द्रावणातला तोच गुणांक. स्टॅटिक लाइट स्कॅटरिंगमध्ये केसी/आर = १/एम + २ × बी-२२ × संहती; यातला के हा स्थिरांक, सी म्हणजे संहती, आर म्हणजे विखुरलेला प्रकाश, एम म्हणजे रेणुभार आणि बी-२२ म्हणजे दुसरा व्हिरियल गुणांक, जो प्रतिकर्षण असेल तर अधिक आणि आकर्षण असेल तर उणे येतो. दोन्हीकडे आडव्या अक्षावर संहती आहे आणि उत्तर उतारात आहे. म्हणजे संहतीबरोबर जे जे सरकतं ते ते सगळं त्या उतारात जाऊन बसतं. मीठ, पीएच, गुठळ्या, तापमान, अगदी घड्याळाचा काटासुद्धा. समीकरणात त्यांना वेगळी जागाच नाही. म्हणून घोळ शोधताना विचारायचा प्रश्न एकच: माझ्या नमुन्यांमध्ये संहतीच्या जोडीने आणखी काय काय बदलतंय?

आणि हा उतार किती बारीक असतो तेही पाहा. अंड्यातलं लायसोझाइम घ्या, रेणुभार सुमारे १४,३००. बी-२२ उणे ०.०००३ मोल·मिली प्रति ग्रॅम वर्ग धरा. हे तसं चांगलंच ठळक आकर्षण आहे, स्फटिक होण्याइतकं. आता १० मिलीग्रॅम प्रति मिलीला केसी/आर किती बदलेल? २ × ०.०००३ × १४,३०० × ०.०१, म्हणजे जेमतेम साडेआठ टक्के. संहतीत तीन टक्के चूक झाली तर या बदलाचा तिसरा हिस्सा गेला. ठळक आकर्षणाची ही स्थिती, मग क्षीण आकर्षणाचं चिन्ह उलटायला फार काही लागत नाही. लायसोझाइमसारख्या लहान प्रोटीनला म्हणूनच २० ते ३० मिलीग्रॅमपर्यंत मालिका न्यावी लागते. दीड लाख रेणुभाराच्या अँटिबॉडीला कमी संहती पुरते.

आधी परत फिरून बघा

काहीही दुरुस्त करण्याआधी ही एक चाचणी करा. मालिकेतला सगळ्यात दाट नमुना घ्या, तो त्याच बफरने सगळ्यात पातळ नमुन्याइतका पातळ करा आणि पुन्हा मोजा. विसरण गुणांक पहिल्या पातळ नमुन्याइतकाच आला तर दाट द्रावणात जे घडत होतं ते उलटं फिरणारं आहे, त्याला परस्परक्रिया म्हणायला हरकत नाही. परत आला नाही तर दाट करताना कायमच्या गुठळ्या झाल्यात, आणि मग तुमचा उतार हा गुठळ्यांचा उतार आहे. तो कितीही सरळ रेषेत बसला तरी त्याला के-डी म्हणू नका.

दुसरी गोष्ट, मोजण्याचा क्रम. जवळपास सगळेजण पातळापासून दाटाकडे जातात, म्हणजे क्युव्हेट धुवायचा त्रास कमी. पण मग वेळ आणि संहती एकमेकींना चिकटतात. सकाळी लेसर नुकता तापतोय तेव्हा २ मिलीग्रॅम आणि दुपारी ३० मिलीग्रॅम. मधे लाईट गेली, यंत्र पुन्हा सुरू केलं, ते सगळं उतारात गेलं. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा आणि पहिला नमुना शेवटी पुन्हा एकदा मोजा. फुकटचा उपाय आहे, आणि कितीतरी "रहस्यमय" के-डी इथेच सुटतात.

याच्या जोडीला ताळा हवा. लायसोझाइम, पीएच ४.५ चं सोडियम ॲसिटेट बफर, एक मालिका कमी मिठात आणि एक ०.५ मोलर सोडियम क्लोराइडमध्ये. पहिलीत प्रतिकर्षण दिसायला हवं, दुसरीत स्पष्ट आकर्षण. ही जोडी बरोबर आली तर यंत्र, फिल्टर आणि हात तिन्ही ठीक आहेत, दोष तुमच्या नमुन्यात शोधा. ०.५ मोलर मिठातला नमुना मात्र त्याच दिवशी मोजा. ठेवून दिला तर त्यात स्फटिक धरू शकतात.

सगळ्यात जास्त फसवतात ते प्रतिआयन

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण हा भाग पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकलेला असतो आणि प्रत्यक्षात सगळ्यात जास्त मालिका याच्यामुळे वाया जातात.

मुलं म्हणतात, "बफर १० मिलिमोलर आहे, सगळ्या नमुन्यांत तोच." बाटलीत तोच आहे हे खरं. क्युव्हेटमध्ये नाही. हिशेब करू. लायसोझाइम १०० मिलीग्रॅम प्रति मिली म्हणजे ७ मिलिमोलर. पीएच ४.५ ला प्रत्येक रेणूवर साधारण अधिक १० प्रभार असतो. तो प्रभार तोलायला तितके ऋण आयन द्रावणात असायलाच हवेत, म्हणजे ७० मिलिमोलर. तुमचा बफर १० मिलिमोलरचा आणि प्रोटीनने स्वतःबरोबर आणलेले आयन त्याच्या सातपट! ५ मिलीग्रॅमच्या नमुन्यात हेच आयन ३.५ मिलिमोलर असतात. म्हणजे एकाच मालिकेत, एकाच बफरच्या नावाखाली, आयनांचं वातावरण पार बदलून गेलेलं असतं.

याचा थेट परिणाम प्रतिकर्षणावर होतो. प्रभाराचा प्रभाव किती अंतरापर्यंत पोचतो ते डिबाय लांबी सांगते. १० मिलिमोलर साध्या मिठात ती सुमारे ३ नॅनोमीटर असते, म्हणजे लायसोझाइमच्या त्रिज्येहून जास्त. १०० मिलिमोलरला ती १ नॅनोमीटरच्याही जरा खाली येते. दाट नमुन्यात प्रोटीन आपल्याच आयनांनी आपलं प्रतिकर्षण झाकून टाकतं. रेषा वाकते. मग कुणी पहिले चार बिंदू घेऊन उतार काढतो, कुणी शेवटचे चार, आणि दोघांची उत्तरं जुळत नाहीत. यात दोघांचंही मोजमाप बरोबर असतं.

त्यात पीएचची भर. शंभर मिलीग्रॅम प्रोटीन हा स्वतःच एक बफर असतो, आणि तुमच्या १० मिलिमोलर बफरपेक्षा ताकदवान असू शकतो. पावडर थेट विरघळवली असेल तर तिच्यासोबत आलेले क्षारही आत जातात. म्हणून बाटलीवर लिहिलेला पीएच वहीत उतरवू नका. प्रत्येक नमुन्याचा पीएच, लहान इलेक्ट्रोडने का होईना, मोजा. दाट आणि पातळ नमुन्यांत ०.२ चा फरक दिसला तर के-डीच्या चिन्हावर वाद घालण्यात अर्थ नाही. दोन वेगवेगळ्या बफरमधली दोन प्रोटीन तुम्ही एका रेषेत बसवत आहात.

उपाय असे. पावडर विरघळवून लगेच मोजू नका, डायलिसिस करा (प्रोटीन पडद्याच्या पिशवीत ठेवून बाहेरच्या बफरशी समतोल होऊ द्या), आणि पातळ करायला ताजं बफर न घेता डायलिसिसचं बाहेरचं द्रावण वापरा. प्रश्न कमी मिठाबद्दलचाच नसेल तर ५० ते १०० मिलिमोलर मीठ घाला, म्हणजे प्रोटीनचे आयन निदान त्या मालिकेवर राज्य करणार नाहीत. सेंट्रिफ्यूजमधल्या फिल्टरने दाट करत असाल तर नवा फिल्टर आधी बफरने धुऊन घ्या, पडद्यावर ग्लिसरीनचा अंश असतो. मधेमधे थांबून पिपेटने हलक्या हाताने ढवळा. पडद्यालगत प्रोटीनचा थर साचतो आणि तिथली संहती वरच्यापेक्षा कितीतरी जास्त होते. गुठळ्यांचा जन्म पुष्कळदा तिथेच होतो.

आणि डोनान परिणाम विसरू नका. पडद्याच्या आत प्रभारित प्रोटीन, बाहेर नुसतं बफर. समतोल झाला तरी दोन्हीकडचं मीठ आणि पीएच सारखं राहत नाही. थोड्या संहतीला हा फरक नगण्य असतो. ५० मिलीग्रॅमच्या वर आणि कमी मिठात तो नगण्य नसतो. अशा वेळी एकच दाट साठा करून तो पातळ करत जाण्याऐवजी प्रत्येक संहतीचा नमुना वेगळा डायलिसिस करणं हाच सरळ मार्ग. कष्ट आहेत, पण बी-२२ ची व्याख्याच मुळी अशा समतोलावर उभी आहे.

धूळ, राख, गुठळ्या

गळीत हंगामात आमच्याकडे हवेत काय असतं ते सांगायला नको. उसाचं पाचट पेटवलं की काळी राख उडत येते, खिडकीच्या फटीतून टेबलावर उतरते. डोळ्याला दिसणारे कण तितके वाईट नाहीत, ते मोजणीत उसळी दाखवतात आणि ती मोजणी आपण टाकून देतो. घातक असतात ते न दिसणारे.

सारख्याच वजनाच्या पदार्थातून विखुरलेला प्रकाश कणाच्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतो. ५ नॅनोमीटरचं प्रोटीन आणि १०० नॅनोमीटरची गुठळी: व्यास २० पट, वस्तुमान ८,००० पट. म्हणजे वजनाने प्रोटीनचा दहा-हजारावा भाग जरी अशा गुठळ्यांत गेला, तरी त्यांचा प्रकाश बाकी सगळ्या प्रोटीनच्या प्रकाशाच्या सुमारे ८० टक्के होऊ शकतो. प्रोटीन दाट करताना गुठळ्या वाढल्या की प्रकाश वाढतो, केसी/आर खाली येतो आणि कागदावर तुम्हाला आकर्षण दिसतं. बी-२२ खोटा ऋण येण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. डीएलएसमध्ये निदान दोन शिखरं वेगळी दिसण्याची आशा असते. स्टॅटिकमध्ये सगळा प्रकाश एकाच आकड्यात येतो. म्हणून स्टॅटिकची मालिका घेताना प्रत्येक नमुन्याचं डीएलएसही घ्या, आणि १०० नॅनोमीटरच्या आसपास काही डोकावत असेल तर तो नमुना रेषेत धरू नका.

बफर ०.०२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून, प्रोटीन ०.१ मायक्रॉनच्या आणि प्रोटीन कमी चिकटणाऱ्या पडद्यातून. फिल्टरचे पहिले थेंब टाकून द्या. व्हॉर्टेक्सवर प्रोटीन कधीही लावू नका. फेस आला की हवेच्या पृष्ठभागावर प्रोटीन उलगडतं. क्युव्हेट धुऊन पालथी घाला, झाकण लावा. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर या कामाला चालत नाही, शेवटचं धुणं गाळलेल्या शुद्ध पाण्यानेच.

फिल्टर केल्यावर संहती पुन्हा मोजायची, हे तर आलंच. पडद्याला प्रोटीन चिकटतं, आणि पातळ नमुन्यातून त्याचा हिस्सा दाटातल्यापेक्षा जास्त जातो. पुन्हा तेच, संहतीबरोबर सरकणारी चूक.

संहती खरंच तेवढी आहे का

२८० नॅनोमीटरला शोषण मोजताना लायसोझाइमचा गुणांक २.६४ मिली प्रति मिलीग्रॅम प्रति सेंटिमीटर आणि बीएसएचा (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) सुमारे ०.६६. १०० मिलीग्रॅमचं लायसोझाइम ४०० पट पातळ केल्यावर शोषण ०.६६ येतं, म्हणजे यंत्राला झेपेल असं. पण ४०० पट पातळ करण्याची पहिली पायरी दाट द्रावणातून उचलायची असते, आणि साधं पिपेट चिकट द्रावण पूर्ण उचलतही नाही, सोडतही नाही. टोकाच्या आत पातळ थर राहतो. २० मायक्रोलिटर म्हणून १९ पडले की पाच टक्के गेले. वजन करा. चार दशांश स्थळांचा तराजू असला की पुरे. दाट साठा आणि बफर दोन्ही वजनाने मिसळा आणि घनता लक्षात घ्या, १०० मिलीग्रॅमला ती पाण्याहून सुमारे पावणेतीन टक्के जास्त असते.

मे महिना आणि श्रावण

मे महिन्यात एसी बंद असलेल्या खोलीत पारा चाळिशीकडे जातो. ट्रिस या बफरचा पीएच दर अंशाला सुमारे ०.०२८ ने घसरतो. म्हणून ४० अंशांच्या खोलीत ८.० ला बसवलेला ट्रिस यंत्रातल्या २५ अंशांना ८.४ च्या वर असतो. जानेवारीत केलेली मालिका आणि मे महिन्यात केलेली मालिका जुळत नसेल तर आधी इथे बघा. ॲसिटेट आणि फॉस्फेट याबाबतीत बरेच शांत आहेत.

विसरण गुणांक स्वतःही तापमानाने बदलतो, २५ अंशांच्या आसपास दर अंशाला साधारण अडीच ते पावणेतीन टक्के, मुख्यतः पाण्याची चिकटता बदलते म्हणून. नमुना फ्रीजमधून काढून लगेच घातला आणि स्थिर व्हायला वेळ दिला नाही, तर के-डीएवढी चूक तिथेच होते. शिवाय थंड द्रावण गरम होताना हवेचे बुडबुडे क्युव्हेटच्या भिंतीला धरतात.

पावसाळ्यात उलटी गंमत होते. हवेत इतका दमटपणा असतो की १० अंशांची मालिका घ्यायला गेलं की क्युव्हेटच्या बाहेरच्या भिंतीवर दव धरतं आणि ते दव प्रकाश विखुरतं. वाचन हळूहळू चढत जातं, आणि थंडीत आकर्षण वाढतं हे पुस्तकात वाचलेलं असल्यामुळे कुणाला संशयही येत नाही. यंत्राला कोरड्या हवेची किंवा नायट्रोजनची नळी जोडायची सोय असेल तर ती वापरा; नसेल तर मोजणी संपल्यावर क्युव्हेट बाहेर काढून बोट फिरवून बघा.

आकडा आला, आता वाचायचा कसा

संगणकाच्या पडद्यावर "आकार" नावाचा रकाना ठळक दिसतो आणि सगळे तोच वाचतात. लायसोझाइमची त्रिज्या पातळ द्रावणात सुमारे १.९ नॅनोमीटर, कमी मिठात दाट करत गेलं की पडद्यावर ती लहान होत जाते. रेणू आकसलेला नसतो. प्रतिकर्षणामुळे रेणूंचा घोळका लवकर पांगतो, विसरण गुणांक वाढतो आणि यंत्र त्याचं भाषांतर "लहान कण" असं करतं. आकाराच्या रकान्यावरून के-डी काढू नका, विसरण गुणांकाचा रकाना घ्या. आणि दाट द्रावणाची चिकटता यंत्रात भरून आकार "दुरुस्त" करण्याच्या फंदातही पडू नका. डीएलएस मोजतं ते सगळ्यांचं मिळून होणारं विसरण, एकट्या रेणूचं नव्हे.

के-डी शून्य म्हणजे परस्परक्रिया शून्य, हा दुसरा गैरसमज. के-डीमध्ये बी-२२ बरोबर पाण्यातून लागणारा एकमेकांचा अडथळाही असतो. नुसते कडक गोळे, ज्यांच्यात आकर्षण नाही, प्रभार नाही, त्यांचासुद्धा विसरण गुणांक घनफळाच्या अंशाला १.४५ या दराने वाढतो: ८ जागा अडवल्यामुळे, वजा ६.५५ प्रवाहाच्या अडथळ्यामुळे. त्यामुळे गुटगुटीत प्रोटीनचा बी-२२ शून्य असताना के-डी शून्य नसून उणे ५ मिली प्रति ग्रॅमच्या आसपास असतो. लांबट किंवा वाय-आकाराच्या अँटिबॉडीला तो आणखी खाली जातो. उणे ३ आला म्हणून "आकर्षण आहे" असं प्रबंधात लिहू नका.

आणि कधीकधी दिसतं ते खरोखर जोड्या जुळणं असतं. या भागात दुधावर काम करणारे पुष्कळ आहेत, ते बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन आणतात. १८,४०० च्या आसपास रेणुभाराचं हे प्रोटीन उदासीन पीएचला बहुतांशी जोडीने राहतं, पण पातळ केलं की जोड्या सुटायला लागतात. रेषेचं पातळ टोक वाकलेलं दिसलं तर बी-२२ ची सरळ रेषा बळेच बसवू नका. तिथे समतोलाचं समीकरण लागतं.

पन्नासच्या पुढे

इंजेक्शनच्या अँटिबॉडीला १०० मिलीग्रॅमच्या वर जावं लागतं, तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन ३३० च्या आसपास असतं, डोळ्याच्या भिंगातले क्रिस्टलिन त्याहून दाट. तिथे सरळ रेषेचा हट्ट सोडावा लागतो, कारण तिसरे-चौथे गुणांक जागे होतात. द्रावण नितळ आहे का हे आधी ६०० नॅनोमीटरला बघा. गढूळ असेल तर प्रकाश एकापेक्षा जास्त वेळा विखुरतोय आणि साध्या डीएलएसचा आकडा कामाचा नाही.

जुनी परासरण दाबाची पद्धत इथे अजून भरवशाची आहे. केंब्रिजच्या गिल्बर्ट अडेर यांनी १९२५ मध्ये तिनेच हिमोग्लोबिनचा रेणुभार मोजून त्यात चार लोहकेंद्रं असल्याचं दाखवलं होतं. धुळीचा तिला त्रास नाही, आणि डायलिसिसचा समतोल तर त्या मापनातच अंतर्भूत आहे. दुसरा मार्ग क्ष-किरणांचा किंवा न्यूट्रॉनचा. १९८३ मध्ये देले आणि तार्द्यू यांनी क्ष-किरणांनीच दाखवलं की भिंगातल्या क्रिस्टलिनची जवळच्या शेजाऱ्यांपुरती असलेली शिस्त भिंग पारदर्शक ठेवायला पुरते.

आपल्याला इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर सॅक्स (क्ष-किरणांची पद्धत) आणि ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवर सॅन्स (न्यूट्रॉनची पद्धत) उपलब्ध आहे. विद्यापीठातल्या मुलांना ट्रॉम्बेसाठी यूजीसी-डीएई या संशोधन संस्थेच्या मुंबई केंद्रामार्फत अर्ज करता येतो. जाताना डायलिसिसचं बाहेरचं द्रावण भरपूर न्या, पार्श्वभूमी वजा करायला तेच लागतं. सॅन्ससाठी जड पाणी वापरणार असाल तर पीएच मीटरच्या आकड्यात ०.४ मिळवा. आणि निघण्याआधी इथल्या यंत्रावर जड पाण्यातलीही एक डीएलएस मालिका घ्या. लायसोझाइमसारख्या प्रोटीनमध्ये जड पाण्यात आकर्षण थोडं वाढलेलं असतं, आणि तो फरक आधी माहीत नसेल तर साध्या पाण्यातले आकडे आणि ट्रॉम्बेचे आकडे जुळणार नाहीत.